परसातली भाजी आणि डबीतले बी

(मंडळाच्या श्रावणातील सभेत केलेले भाषण)



ऋषिपंचमी आता तीन आठवड्यांवर आली आहे. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, असा आपल्याकडचा रिवाज. नांगरलेल्या शेतातले धान्य चालत नाही, भाजी चालत नाही. मग खायचे काय? तर अळू, माठ, लाल भोपळा, पडवळ, दोडका, भेंडी, सुरण, अंबाडी, मक्याचे कणीस. म्हणजे बाईने स्वतःच्या हाताने, खुरप्याने परसात लावलेले. हा नियम ज्यांनी घालून दिला त्यांनी गृहीतच धरले होते, की प्रत्येक घरामागे चार हात माती आहे, ती बाईच्या ताब्यात आहे आणि तिच्याजवळ बी आहे. आज आपण मंडईत जातो आणि ‘ऋषीची भाजी’ म्हणून लावलेला वाटा विकत आणतो. ती भाजी ट्रॅक्टरने नांगरलेल्या रानातून टेंपोत बसून आलेली असते. बैलाला कष्ट पडले नाहीत, तेव्हा नियम मोडला असे काही म्हणता येणार नाही! पण नियमाच्या पोटात जी गोष्ट होती ती मात्र गेली.

चिटणीसबाईंनी मला ‘परसबाग’ हा विषय दिला आहे. त्यावर दिवसभर बोलता येईल, पण आपणा सर्वांनाच घरी जाऊन स्वयंपाक करायचा आहे. म्हणून लावणीच्या चार गोष्टी आधी सांगते आणि मग ज्यासाठी मी मुख्यतः उभी राहिले त्या बियाण्याच्या गोष्टीकडे वळते. यातले पुष्कळसे मी तुमच्याचकडून ऐकलेले आहे. तेव्हा एखादीला आपलेच बोलणे परत ऐकू आले तर तिने हसू नये.

जागा नाही, ही तक्रार सगळ्यांचीच आहे. जुन्या वाड्यांच्या इमारती झाल्या. ज्यांची घरे बैठी राहिली त्यांनीही चिखल नको म्हणून मागल्या अंगणात कोबा घातला, नाहीतर सिमेंटचे ठोकळे बसवले. मी म्हणते, कोबा घाला. पण न्हाणीचे पाणी जिथे बाहेर पडते तिथे दोन हात माती उघडी ठेवा. त्या पाण्यावर अळू होते, केळ होते, कर्दळ होते. आपल्या सासवांनी न्हाणीमागे हीच तीन झाडे लावली ती उगीच नाही. अंघोळीचे पाणी त्यांना मानवते, आणि पाणी मुरल्यामुळे डबके साचत नाही, डास होत नाहीत. ते पाणी मेथी-कोथिंबिरीला मात्र घालू नये. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी पालेभाजीला घालावे. ते मोरीत ओतायचे म्हणजे माझ्या जिवावर येते.

इमारतीत राहणाऱ्या भगिनींनी गोणपाट, फुटक्या बादल्या, फळांच्या करंड्या घ्याव्यात. बुडाला भोके हवीतच. त्यांत नुसती माती भरू नये. पाणी घातले की ती विटेसारखी घट्ट बसते आणि गच्चीवर भारही फार होतो. खाली नारळाच्या शेंड्या, त्यावर वाळका पाला, उसाची चिपाडे, भाजीची देठे, मध्ये मध्ये मूठभर शेणखत आणि वर चार बोटे माती. कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या मार्फत हीच गोष्ट लोकांना करून दाखवली, की पालापाचोळा हीच उद्याची माती आहे आणि थोड्या जागेतही घरापुरते पिकते. आपल्या पेठेत तर शिशिरात इतका पाला पडतो, आणि आपण तो काडी लावून जाळतो! धुराने खोकायचे आणि मग पिशवीतले खत विकत आणायचे.

थोडी जागा असली तर काय लावावे, असे मला पुष्कळजणी विचारतात. ज्या भाजीची जुडी विकत आणल्यावर अर्धी सुकून टाकावी लागते, ती लावावी. कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, ओवा, मायाळू, कोथिंबीर. चार पाने हवीत तेव्हा चार पाने तोडावीत. कांदा-बटाटा घरी लावून काही हाताला लागत नाही. परसबागेने घरखर्च भागतो असे जे म्हणतात त्यांनी बहुधा हिशेब मांडलेला नसतो. पाणी, खत, आपली मेहनत, आणि वानरे येऊन गेली की ते नुकसान. पण तोडल्यापासून अर्ध्या तासात चुलीवर चढलेल्या भेंडीला मंडईत भाव नाही, कारण ती तिथे मिळतच नाही.

आता वेलांकडे वळते. आपल्या बैठकीत सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, की वेल फोफावला, फुलांनी भरला, पण फळ धरत नाही. दोडका, दुधी, भोपळा, काकडी, कारले, पडवळ या सर्वांना नर आणि मादी अशी निरनिराळी फुले येतात. मादी फुलाच्या पाठीशी देठावर इवलेसे फळ असते, नर फुलाचा देठ नुसता काडीसारखा असतो. पहिले काही दिवस बहुतेक नर फुलेच येतात, तेव्हा घाबरून वेल उपटू नये. खत फार झाले तर मात्र पानेच वाढतात. मादी फुले येऊनही ती पिवळी पडून गळत असतील तर मधमाश्या येत नाहीत असे समजावे. मग आपण मधमाशी व्हायचे. नर फूल तोडावे, पाकळ्या मागे दुमडाव्यात आणि मधला केसर मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावा. आमच्या शेजारच्या आजी याला ‘लग्न लावणे’ म्हणतात. या लग्नांचे मुहूर्त मात्र सांभाळावे लागतात. भोपळ्याचे आणि काकडीचे फूल सकाळी उमलते, भोपळ्याचे तर ऊन चढले की मिटतेच. दोडका आणि दुधी यांचा मुहूर्त गोरज, दिवेलागणीच्या आधीचा. पडवळ अंधारात फुलतो. त्याची ती झालरीसारखी पांढरी फुले ज्यांनी पाहिली नसतील त्यांनी एकदा कंदील, म्हणजे आता मोबाईलचा दिवा, घेऊन रात्री मांडवाखाली जावे.

दुधीची एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नये. दुधी चिरला की कच्चा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर थुंकून तो टाकून द्यावा. गुळाने, चिंचेने कडवटपणा झाकून घरच्यांना घालू नये. कडू दुधीचा रस पिऊन माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. दोडका, काकडी यांचेही तेच. आणि त्या कडू फळाचे बी तर मुळीच ठेवू नये.

किडीबद्दल थोडक्यात सांगते. भोपळ्याचे, काकडीचे रोप दोन-चार पानांवर असताना तांबडे भुंगेरे येऊन पानांची चाळणी करतात. भल्या सकाळी ते सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. पानांवर चुलीची राख भुरभुरावी. पावट्यावर मावा आला तर जोराच्या पाण्याने धुवावा, नाही गेला तर निंबोळीचा अर्क करावा. पाच तोळे म्हणजे सुमारे ५० ते ६० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात, सकाळी फडक्याने गाळून, चिमूटभर साबण घालून संध्याकाळच्या वेळी शिंपडावे. कारल्या-दोडक्याला डंख मारणारी फळमाशी असते, तिला औषधापेक्षा जुन्या कापडाची पिशवी बरी. फळ बोटाएवढे झाले की पिशवी बांधावी. सडून पडलेली फळे वेलाखाली राहू देऊ नयेत. पावसाच्या शेवटी पानांवर पांढरी भुरी येते, तिला आंबट ताक पाण्यात कालवून शिंपडतात. तंबाखूचे पाणी काहीजणी वापरतात. ते विषारी आहे, घरात लहान मुले आहेत, मला ते पसंत नाही.

लिंबावर, कढीपत्त्यावर हिरव्या अळ्या दिसल्या की सरसकट चिरडू नका. त्यांचीच पुढे काळी-पांढरी मोठी फुलपाखरे होतात. दहा-वीस पाने गेली तर जाऊ द्यावीत. झाडाला पुन्हा येतात.

भाजीखेरीज इतर झाडांविषयीही दोन शब्द बोलायला हवेत, कारण हरितालिका-गणपती जवळ आले. पत्री म्हणून बाजारात जो पाला येतो तो डोंगरउतारावरून ओरबाडून आणलेला असतो. त्यातला निम्मा कसला असतो हे विकणारीलाही माहीत नसते, घेणारीलाही नसते. आघाडा, दूर्वा, तुळस, मरवा, डोरली, शमी, रुई ही झाडे लाड मागत नाहीत. कुंपणाच्या कडेला एक-एक असले तर आळीभर पुरते. शाळेपलीकडे राहणाऱ्या एक वहिनी दर वर्षी दारात सूप भरून पत्री ठेवतात, ज्याला हवी त्याने न्यावी. हादग्याचे एखादे झाड ठेवावे. भोंडल्याला फुले मिळतात, फुलांची भाजी होते आणि झाड वाढते भराभर. अडुळसा, गुळवेल लावावीत, पण ज्याने त्याने काढे करून पिऊ नयेत, वैद्याला विचारावे.

‘आपले झाड’ आणि ‘परके झाड’ हा वाद मी फार ताणत नाही. मिरची, टोमॅटो, बटाटा, पेरू ही सर्व मूळची अमेरिका खंडातली. मिरची पोर्तुगीजांबरोबर इकडे आली, आणि आज ठेच्यावाचून भाकरी उतरत नाही. आलेला पाहुणा घरच्यासारखा वागला तर तो घरचाच. पण गाजरगवताचे तसे नाही. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात ते प्रथम दिसल्याची नोंद आहे, आणि आता आपल्या ओढ्याच्या काठी दुसरे काही उगवू देत नाही. त्याने अंगाला खाज सुटते, काहींना दमा होतो. ते फुलावर येण्याआधी, हाताला पिशवी बांधून, मुळासकट उपटावे. तिथे टाकळा वाढू द्यावा. टाकळा दाट झाला की गाजरगवत मागे हटते, शिवाय पहिल्या पावसातल्या कोवळ्या टाकळ्याची भाजी होते.

आता बियाण्याकडे येते.

वरच्या आळीतल्या आजी दोन वर्षांपूर्वी आषाढात वारल्या. आपल्यापैकी बहुतेकींनी त्यांच्या कुंपणावरचा पावटा खाल्लेला आहे. चपटी रुंद शेंग, तिला जांभळी कड, दाणा तपकिरी. भोगीच्या भाजीत तो घातला की रस्सा आपोआप दाट होई. आजी कोयनेच्या खोऱ्यातल्या. लग्नानंतर पहिल्या मुळाला आईने ओटीत जे घातले, त्यात हा पावटा होता. कोयना धरणाचे काम १९६४ साली पुरे झाले. त्यांच्या माहेरचे गाव शिवसागराच्या पाण्याखाली गेले, भाऊ कुठे लांब पुनर्वसनात गेले. घर नाही, देऊळ नाही, विहीर नाही. माहेरचे म्हणून त्यांच्याजवळ जे उरले ते हे पावट्याचे बी. साठाहून अधिक वर्षे त्यांनी ते दर मृगाला पेरले आणि दर माघात डब्यात भरले.

शेंगा मागायला कुणीही जावे. आजी पदर भरून देत. बी कुणी मागितले नाही. आजी होत्या आणि पावटा होता, मागायचे कशाला? त्या गेल्यावर मुलगा परगावाहून आला, घर आवरले, जुने डबे भंगारात गेले. मी त्याला बोल लावीत नाही. पत्र्याच्या डब्यात तळाशी चार ओंजळी वाळकी कडधान्ये, त्यावर चिठ्ठी नाही, नाव नाही. त्याला काय कळणार? कुंपण पाडले, आता तिथे गाड्या उभ्या राहतात. त्यानंतर मी तीन ठिकाणांहून पावटा आणवला. चांगला आहे, खातो आम्ही. पण तो तो नव्हे. आणि तो जिथून आला होता तिथे जाऊन आणावा, तर त्या गावावर आता पाणी आहे.

तेव्हापासून मला नादच लागला. दुपारची कामे आटोपली की मी आळीत घरोघर जाऊन विचारीत असे, “तुमच्याकडे घरचे असे काय बी आहे?” काहींनी मला वेडी ठरवली असेल. पण काय काय निघाले म्हणून सांगू! एका घरी हिरवे, पांढऱ्या रेघांचे काटेरी वांगे. भरल्या वांग्याला त्याच्यासारखे दुसरे नाही. एकीकडे देठापासून शेंड्यापर्यंत रक्तासारखा लाल माठ. एकीकडे बुटकी, पोटात भरपूर बी असलेली गावठी काकडी, एकीकडे आभाळाकडे तोंड करून लागणारी बारीक तिखट मिरची. शिंपीआळीतल्या मावशींकडे कोरेगावचा वाघ्या घेवडा आहे, दाण्यावर वाघासारखे पट्टे असलेला. त्याला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे कोरेगावचा म्हणून सरकारदरबारी त्याचे नाव लागले.

पण एक गोष्ट ध्यानात आली आणि माझ्या पोटात धस्स झाले. यातले प्रत्येक बी एका एका घरातच आहे. दुसऱ्या कुठेही नाही. वांगेवाल्या वहिनी उद्या मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या, की ते वांगे संपले. एखाद्या वर्षी पाऊस लांबला, रोप मेले, संपले. उंदराने डबी फोडली, संपले. एका घरात असलेले बी म्हणजे आजींच्या पावट्यासारखे, असून उद्याचा भरवसा नसलेले. निदान तीन घरांत ते असले पाहिजे.

कोणी म्हणेल, दुकानात पाकिटे मिळतात की. मिळतात, आणि मीही आणते. कोबी-फुलवराचे बी आपल्या हवेत धरणे कठीण, ते विकतच घ्यावे. पण पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-वन’ लिहिलेले असेल तर त्या झाडाचे बी ठेवून उपयोग नाही. दोन निरनिराळ्या जातींचा मुद्दाम संकर करून ते बी तयार केलेले असते. पहिल्या वर्षी भरघोस येते; त्याचेच बी दुसऱ्या वर्षी पेरले तर एक झाड आजीवर जाते, एक आजोबांवर, सारखे काही येत नाही. म्हणजे दर वर्षी दुकानाची पायरी आलीच. गावठी बी आपल्या हाती राहते. ते आपल्या पाण्याला, आपल्या उन्हाला सरावलेले असते, कारण वर्षानुवर्षे जे इथे तगले त्याचेच बी कुणीतरी बाईने ठेवलेले असते.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. जिल्हा अहमदनगर, आता त्याचे अहिल्यानगर झाले. राहीबाई शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी घरातल्या आणि शेजारपाजारच्या गावठी जाती गोळा करून घरातच बियाण्यांचा साठा केला, बाएफ या संस्थेने त्यांना हातभार लावला, आणि २०२० सालची पद्मश्री त्यांना मिळाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. त्यांचे फोटो मी पाहते तेव्हा मला पद्मश्रीपेक्षा त्यांच्या मागे दिसणारी मडकी आणि डब्या जास्त पाहाव्याशा वाटतात. तसल्या चार-दोन डब्या आपल्या प्रत्येकीच्या घरात आहेत. फरक एवढाच, की त्यांनी त्या इतरांना वाटल्या.

बी धरायचे कसे, ते सांगते. पावटा, घेवडा, चवळी, गवार, टोमॅटो ही झाडे बहुधा आपल्याच फुलावर फळतात, म्हणून त्यांचे बी सहसा बिघडत नाही. नवशिकीने इथूनच सुरुवात करावी. वेलांचे, मुळ्याचे, माठाचे तसे नाही. शेजारणीच्या वेलाची जात वेगळी असली तर मधमाशी दोन्हींची सरमिसळ करते. त्यावर उपाय ते मघाचेच लग्न. फूल उमलण्याच्या आधीच्या वेळी नर आणि मादी दोन्ही कळ्यांना दोऱ्याने हलके बांधावे, उमलण्याच्या वेळी सोडून केसर टेकवावा आणि मादी फूल पुन्हा बांधावे. त्या फळाला रंगीत चिंधी बांधून ठेवावी, म्हणजे घरातले कोणी भाजीला तोडणार नाही.

बियाण्याला पहिले, धट्टेकट्टे, निरोगी झाडावरचे फळ ठेवावे. आपण उलटे करतो. चांगले चांगले खातो आणि शेवटी राहिलेले, किडके, वाकडे बियाण्याला सोडतो, मग जात खालावली म्हणून रडतो. भेंडी, दोडका, दुधी वेलावरच वाळू द्यावीत. दुधी हलवला की खुळखुळला पाहिजे. वाळल्या दोडक्याच्या टोकाचे झाकण आपोआप सुटते, तिथून बी झाडून घ्यावे. वांगे पिवळे होऊन मऊ पडेपर्यंत झाडावर ठेवावे, मग चिरून पाण्यात चोळून बी धुवावे. जड बी तळाला बसते तेच घ्यावे. टोमॅटोचा गर दोन-तीन दिवस वाटीत तसाच आंबू द्यावा, बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण सुटते, मग धुऊन ताटलीत वाळवावे. कागदावर वाळवू नये, चिकटते.

वाळवणे नीट झाले तर बाकी सगळे सोपे. कडक दुपारच्या उन्हात पत्र्यावर टाकू नये. सकाळच्या उन्हात, मग सावलीत, चांगले आठ दिवस. दाताखाली कट्कन तुटले म्हणजे वाळले. कोरड्या बाटलीत राख किंवा कडुलिंबाचा वाळका पाला घालून झाकण घट्ट लावावे. कांद्याचे बी वर्षभरच टिकते, ते साठवून ठेवू नये. काकडी-भोपळ्याचे तीन-चार वर्षे सहज राहते. जुने बी पेरण्याआधी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. सात-आठ मोडले तर निर्धास्त पेरावे. तीन-चारच मोडले तर दाट पेरावे आणि त्या वर्षी ताजे बी धरावे.

घरचे बी वाटले तर कायद्याने काही अडचण येईल का, असे एकीने विचारले होते. येत नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बी ठेवण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिलेला आहे. फक्त कंपनीच्या नावाचा शिक्का मारून विकता येत नाही. आपण तर विकणारही नाही.

आता अध्यक्षीणबाईंच्या परवानगीने एक सूचना मांडते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण देतो. गेल्या पाच-सहा वर्षांत माझ्या घरी प्लॅस्टिकच्या चाळण्या, डब्या आणि वाट्या इतक्या जमल्या आहेत, की त्या कुणाला द्याव्यात हाच प्रश्न आहे. बियाण्याच्या जातीलाही आपण वाणच म्हणतो. तर येत्या संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवात बियांचेच वाण लुटावे. ज्यांच्याकडे जे घरचे असेल ते, चमचाभर पुरे. पावटा-घेवडा तोवर वाळला नसेल तर रथसप्तमीपर्यंत सवड आहेच. जिला ज्याचे बी मिळेल तिने ते पेरावे आणि पुढल्या वर्षी त्यातले चमचाभर आणखी एकीला द्यावे. गच्चीवाल्यांनी माठ, मिरची घ्यावी. परस असलेल्यांनी वेल घ्यावेत. चिटणीसबाई वहीत टिपून ठेवतील, कोणते बी कोणत्या तीन घरांत आहे.

काटेरी वांग्याचे बी वांगेवाल्या वहिनींनी आजच माझ्याजवळ दिले आहे. दोन घरांना पुरेल एवढे आहे, हवे त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडे यावे. ज्येष्ठातले वांगे चुकले तरी भाद्रपदात रोप टाकून चालते, थंडीत फळ येते. पुडीवर तीन गोष्टी लिहाव्यात: भाजीचे नाव, साल, आणि कुणाच्या घरून आले. पेन्सिलीने लिहावे, ओल लागली की शाई पसरते.